एकाच बुटाला पॉलिश

दत्तासरांना गाडी आली नाही ती नाहीच. राजारामपुरीत माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. निम्म्या कोल्हापूरला मी क्लच सोडायला शिकवलंय, नातवंडं झालेल्या म्हाताऱ्यांना शिकवलंय, हॉर्न वाजला तरी दचकणाऱ्या पोरींना शिकवलंय. पण दत्तप्रसाद सरांपुढं मी हात टेकले. समोरून नुसती सायकल आली तरी ह्या माणसाचे दोन्ही हात स्टेअरिंगवरून उठून छातीशी जायचे. मी ओरडायची, "सर, हात! हात कुठं चालले? नमस्कार नंतर करा देवाला!" माझ्या बाजूला जादा ब्रेक असतो म्हणून आम्ही दोघं आज जिवंत आहोत.

एक कोर्स संपला, त्यांनी दुसरा लावला, तोही संपला. शेवटी मीच म्हटलं, राहू दे सर, तुम्ही रिक्षानं फिरा. तर ओशाळून हसले आणि म्हणाले, "मॅडम, खरं सांगू का, मी गाडी शिकायला येतच नव्हतो. तेवढा वेळ कोणीतरी शेजारी बसतं, म्हणून यायचो." माझ्यासारख्या तोंडाळ बाईनं फीचं पुस्तक बंद केलं आणि दोन चहा मागवले. ते मला मॅडम आणि मी त्यांना सरच म्हणत राहिले, पण तेव्हापासून आमची दोस्ती जमली.

आमच्याच गल्लीत वरच्या मजल्यावर त्यांचा अकाउंट्सचा क्लास. वय पन्नाशीकडं झुकलेलं, अंगकाठी काडीपैलवान, शर्ट कडक इस्त्रीचा. आई होती तोवर घरात दोन माणसं होती, ती गेल्यावर एक उरलं. लग्न का केलं नाही, असं सगळी गल्ली विचारायची, मीही एकदा विचारलं. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "मॅडम, मला बायका आवडत नाहीत. म्हणजे तशा अर्थानं नाही. मला पुरुष आवडतात." मी कागल तालुक्यातल्या शेतकऱ्याची लेक, असलं काही कानावर पडलं तर माझं काय होईल ह्याची मलाच खात्री नव्हती. काही झालं नाही. मी म्हटलं, "मग हाय का कोण?" ते म्हणाले, "कोणी नाही." मला त्या 'कोणी नाही'चंच जास्त वाईट वाटलं.

मागच्या दिवाळीत, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, सर मला रिकाम्या वर्गात दिसले. पोरं सुट्टीवर, आणि हा माणूस बाकांच्या रांगा सरळ करत बसलेला. म्हटलं, चला घरी, फराळ करा. तर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "मॅडम, मला आता पुरे वाटतंय." बोलले एवढंच, पण ज्या आवाजात बोलले तो मला ठीक वाटला नाही. मी सरळ त्यांच्या खिशातनं किल्ल्या काढल्या आणि घराची एक किल्ली माझ्या जुडग्यात ओवली. रोज सकाळी मी फोन करणार, उचलला नाही तर दार उघडून आत येणार, असा दम भरला. त्यांनी किल्ली परत मागितली नाही.

"तुम्हाला पाहिजे तरी काय सर? एकदा तोंडानं बोला की!" मी म्हटलं.

"एक माणूस पाहिजे," ते म्हणाले. "इथलाच. मुंबईचा नको, बेंगळुरूचा नको, फोनमधला तर नकोच नको. रविवारी सकाळी रंकाळ्यावर शेजारी येऊन बसेल असा. एवढ्या मोठ्या कोल्हापुरात एक माणूस नसेल का हो?"

असणारच की. एक सोडून चार असतील. पण ते दिसणार कसे? तेही सरांसारखेच आतनं कडी लावून बसलेले.

संक्रांतीच्या सुमाराला सर फोन नाचवत माझ्या ऑफिसात आले. चामड्याची आवड असणाऱ्या लोकांचा मेळावा आहे म्हणाले, शनिवार-रविवार, चंदगडला. मला हसूच फुटलं. "चामड्याची आवड? मग चप्पल लाइनीत जावा की, चंदगडला कशाला?" मग त्यांनी मला नीट समजावलं. जगात असे लोक आहेत, बहुतेक पुरुषांवर जीव लावणारे पुरुष, काही बायकाही. चामड्याचे पट्टे, जाकिटं, बूट ही त्यांची खूण. वर्षातनं एकदा जमायचं, लपूनछपून जगतो ते दोन दिवस ताठ मानेनं जगायचं. मुंबई, पुणे, बेंगळुरू, गोव्याचे लोक ह्या वेळी चंदगडच्या एका काजूच्या बागेत जमणार होते. सर कित्येक वर्षं हे सगळं फोनवर नुसतं वाचत होते, जायचं धाडस झालं नव्हतं.

"लहानपणी आम्ही शिवाजी पेठेत राहायचो," सर म्हणाले. "तिथं चपला शिवणाऱ्या ज्ञानूच्या वडिलांच्या दुकानापुढं मी नुसता चामड्याचा वास घेत उभा राहायचो. आई धपाटे घालून घरी न्यायची. बाकीची पोरं तालमीत, नाहीतर फुटबॉलच्या मागं, आणि मी तिथं. मॅडम, ह्या वेळी गेलो नाही तर मी परत कधीच जाणार नाही. आणि तिथंही कोणी भेटलं नाही, तर मग..."

"तर मग काय नाही!" मी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "मी घेऊन जाते तुम्हाला."

तिथं घालायला छातीवरचे आडवेतिडवे पट्टे लागतात, त्याला हार्नेस म्हणतात. ते शिवायला आम्ही ज्ञानूकडंच गेलो. आता बाप नाही, ज्ञानूच दुकान चालवतो, तोही आता पिकल्या मिशांचा. "कशाला पाहिजे?" त्यानं विचारलं. सर घाईघाईनं म्हणाले, "ढोल-ताशा पथकासाठी." ज्ञानूनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ढोल गळ्यात घातला तर ढोलासकट पालथे पडतील अशी सरांची तब्येत. "मग ढोल अडकवायला हूक कुठं लावू?" ज्ञानू म्हणाला. सर भिंतीवरच्या चपला मोजायला लागले. "बरं," म्हणून त्यानं टेपनं छाती मोजली.

निघायच्या आदल्या दिवशी माल तयार झाला. पिवळसर तांबूस चामडं, कडेनं बारीक शिवण, नजर लागावी असं काम. सरांनी शर्टावरनंच घालून बघितला, खांदा हलवला, आणि करकर आवाज आला. पुन्हा हलवला, पुन्हा करकर. नवी कोल्हापुरी चप्पल घालून पाटील चालत यावेत तसा. सरांचा चेहरा पडला. "हे काय?"

"करकर घातलीया," ज्ञानू म्हणाला. "दोन्ही खांद्यांस्नी, थरांच्या मधी."

"अहो पण मी सांगितलं होतं का?"

"सांगाय कशाला पाहिजे? माझ्या हातनं मुका माल जात न्हाय. चार माणसांत गेल्यावर कळाय नको, कोल्हापूरचा हाय म्हणून?"

कुणाला कळू नये म्हणून तर सगळा खटाटोप चालला होता! सर रडकुंडीला आले. पण उसवून परत शिवायला वेळ नव्हता, आणि काळा रेडिमेड पट्टा कोल्हापुरात मागायचा कुणाकडं? तोच पिशवीत घातला.

घरी आमच्या मालकांना मी सांगितलं, काजू बघायला चंदगडला चाललोय. शनिवारी सकाळी निघालो. सर वाटभर पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले. बागेच्या फाटकाशी गाडी उभी केली, आत झाडांमधनं एक झेंडा दिसत होता, काळ्यानिळ्या पट्ट्यांचा, कोपऱ्यात तांबडं बदाम. तो बघितला आणि सर म्हणाले, "मॅडम, मागं फिरवा." मी गाडी बंद केली, किल्ली पर्समध्ये टाकली. "आता काय करता? चालवता येतीया का तुम्हाला?"

बऱ्याच वेळानं उतरले. आत अदिती नावाची पुण्याची बाई होती, कापलेले केस, अंगात चामड्याचं जाकीट, बोलायला लाघवी. तिनं नियम सांगितले. फोन पिशवीत जमा करायचे. कुणाला खरं नाव, गाव, काम विचारायचं नाही. ज्याला तोंड झाकायचंय त्यानं झाकावं. पहिल्यांदा आलेल्याच्या मनगटाला पांढरी फीत, ती दिसली की बाकीच्यांनी त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. आणि अंगावर काहीतरी चामडं हवंच. मी तिला पायातली चप्पल दाखवली. ती एवढी हसली की सरसुद्धा जरा सैल झाले.

खरं सांगते, तिथं काय काय बघावं लागणार ह्याची मला मनातनं धास्ती होती. आणि बघते तर काय, काळे बूट, काळी जाकिटं घातलेले ढेरपोटे बाप्ये घोळक्यानं वांगी चिरत बसलेले! एकाला वांगं धड चिरता येत नव्हतं, मी विळी काढून घेतली. दुपारच्या जेवणापर्यंत माझी त्या सगळ्यांशी ओळख झाली होती.

जेवणानंतर सगळे गोल करून बसले. आपलं पहिलं चामडं कुठलं, ते प्रत्येकानं सांगायचं, अशी त्यांची पद्धत. सरांची पाळी आली. त्यांनी शर्टाची बटणं काढली. सगळ्यांचं चामडं काळं कुळकुळीत, आणि ह्यांचं पिवळं. त्यात हात जोडायला गेले तर करकर वाजलं. सगळ्यांच्या माना वळल्या. सर खाली मान घालून म्हणाले, "माफ करा, हे ढोलासाठी म्हणून शिवून घेतलंय, त्यामुळं वाजतंय." तर एकदम टाळ्या! बेंगळुरूचा एक दाढीवाला उठून आला आणि पुन्हा वाजवून दाखवा म्हणाला. सरांनी खांदा हलवला. मग सगळेच मागं लागले, पुन्हा, पुन्हा. सर हसायला लागले, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसले. त्यांना असं हसताना मी आधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच.

ऊन कललं तसं व्हरांड्यात पॉलिशची खुर्ची मांडली. हा त्यांच्यातला मोठा मान. खुर्चीत बसायचं, आणि दुसऱ्यानं खाली बसून तुमचे बूट पॉलिश करायचे, अगदी मन लावून, घाई न करता. करणारा हलका नाही की करून घेणारा मोठा नाही, असं अदितीनं मला सांगितलं. पॉलिश करायला जो बसला होता त्याला सगळे वस्ताद म्हणायचे. रुंद खांद्याचा, अंगात गळ्यापर्यंत बंद जाकीट, नाकापर्यंत चामड्याचा मुखवटा. दिवसभर तो फारसा बोललाच नव्हता. पांढरी फीत बघून त्यानं सरांना हातानं बोलावलं.

सरांच्या पायात रोजचेच बूट, वर्गात घालायचे, लेसचे. मी पायरीवर बसून बघत होते. वस्तादनं आधी फडक्यानं धूळ पुसली, मग बोटानं पॉलिश लावलं, मग ब्रश, मग परत फडकं. सरांनी डोळे मिटले होते. आई गेल्यापासून ह्या माणसाला कुणी एवढ्या मायेनं हात लावला नसेल, असं माझ्या मनात आलं. एक बूट आरशासारखा झाला. सरांनी दुसरा पाय पुढं करायला अंग हलवलं, आणि खांद्याला करकर झाली.

वस्तादचा हात थांबला. मघाशी सगळे गोल करून बसले तेव्हा तो आत स्वयंपाकघरात होता, करकर त्यानं ऐकली नव्हती. त्यानं मान वर केली आणि हळूच काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही. सरांचे डोळे उघडले, चेहरा पांढराफटक पडला. खुर्ची पाडून ते उठले, शर्ट उचलला आणि फाटकाकडं पळत सुटले.

मी गाडी काढून मागं गेले. पुढं एसटीच्या थांब्यावर सापडले. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, एक बूट चकचकीत, एक धुळीनं माखलेला. गाडीत बसले आणि म्हणाले, "चला. लवकर चला." बरंच अंतर गेल्यावर मी विचारलं, झालं काय?

"तो कोल्हापूरचा आहे," सर म्हणाले.

"कशावरनं?"

"म्हणाला, 'पावणं, ही ज्ञानूच्या हातची करकर हाय न्हवं? कोल्हापुरातनं आलायसा?' मॅडम, त्यानं मला ओळखलं. आता गावात होणार. पालक पोरं काढून नेणार, क्लास बसणार, गल्लीतनं खाली मान घालून..."

मी असा ब्रेक मारला की सर पुढं आपटता आपटता वाचले. माझं डोकंच फिरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अरेतुरे केलं. "अरे गाढवा! काय मागत होतास तू? कोल्हापूरचा एक माणूस मागत होतास न्हवं? तुझ्या पायापाशी बसला होता तो! स्वतःच्या हातानं तुझा बूट पुसत होता! आणि तू पळालास?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटतं तोवर त्यांच्या डोक्यात ते शिरलंच नव्हतं. तोंड उघडं राहिलं, आणि मग हात स्टेअरिंगवरनं उठायचे तसे छातीशी गेले. "फिरवा," एवढंच म्हणाले. मी गाडी फिरवली.

व्हरांड्यात खुर्ची तशीच पडलेली होती. वस्ताद नव्हता. "तुमच्या मागोमाग, मागच्या वाटेनं गेला," अदिती म्हणाली. "पॉलिशची पेटी उचलली, मोटरसायकल काढली आणि निघाला. मी अडवलं, तर म्हणाला, 'गावातलं माणूस मला वळखून पळालं. उद्या पेठेत तोंड दाखवायची सोय ऱ्हायली न्हाय.'"

"फोन लावा त्याला!" मी म्हटलं. तिनं लावला. बंद. मेळाव्याच्या ग्रुपवर बघितलं, तर ग्रुपमधूनही तो बाहेर पडला होता. नाव विचारलं, तर नाव तिलाही ठाऊक नव्हतं.

मग अदिती सरांकडं बघून म्हणाली, "एक सांगू? तो दर वर्षी येतो. आल्या आल्या पहिला प्रश्न ठरलेला. कोल्हापूरचं कोणी आलंय का? दर वर्षी मी नाही म्हणते. ह्या वेळी तुम्ही आला होतात, नोंदणी करताना तुमचं गाव मला कळलं होतं, पण गाव सांगायचं नाही असा नियम आमचा. म्हणून मी गप्प बसले."

सर पडलेली खुर्ची सरळ करून तिच्यात बसले. अदितीनं ब्रश आणला, दुसरा बूट मी करते म्हणाली. सरांनी पाय मागं घेतला. "नको," म्हणाले. "तो त्यांचा राहिलाय." रविवारचा कार्यक्रम सोडून आम्ही कोल्हापूरला परतलो.

सोमवारी सकाळी सरांनी फोन उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा उचलला नाही. मी त्यांच्या घराचे दोन जिने धावतच चढले आणि जुडग्यातनं त्यांची किल्ली काढली. दार उघडलं तर सर जमिनीवर भिंतीला टेकून बसलेले, अंगात शनिवारचाच शर्ट, पुढ्यात ते दोन बूट. "मॅडम, बरं झालं आलात," ते म्हणाले. मी पण तिथंच जमिनीवर बसले. मग रडून झालं, शिव्या घालून झाल्या, चहा करून पाजला आणि त्यांना ज्ञानूकडं नेलं. वस्तादनं करकर कानानं ओळखली, म्हणजे त्याचाही पट्टा ज्ञानूच्याच हातचा असणार, मग त्याचं नाव ज्ञानूशिवाय कोण सांगणार?

ज्ञानू चप्पल शिवत होता. सरांनी दाराशीच हात जोडले. "ज्ञानूमामा, तो ढोलासाठी नव्हता."

"ते ठावं हाय मला," ज्ञानू म्हणाला. "मी काय दुधखुळा हाय व्हय?"

"असा अजून कुणाला शिवून दिलाय?"

ज्ञानूनं सुई चपलेत खोचून ठेवली. "त्यो काल सकाळीच येऊन गेला," म्हणाला. "पट्टा माझ्या म्होरं टाकला आन म्हणला, उसव हे. चपला कर न्हायतर जाळ, पर माझ्या डोळ्यांम्होरं नको. म्हणलं, चांगला हाय की, का उसवतोस? तर म्हणला, आता कुणी बघितला तर माझं वाटोळं हुईल. मी काय बोलणार? उसवला. तळ माझा घातलाय, वरचं पट्टं त्याचं. करकर त्याचीच."

त्याच्या मांडीवर तीच चप्पल होती. शेजारी डबीत पट्ट्याची बक्कलं पडली होती. सरांनी त्यातलं एक उचलून मुठीत धरलं.

"नाव सांगा त्याचं," मी म्हटलं.

"न्हाय सांगणार."

"अवो मामा, माणूस मरंल हितं! सांगा की!"

"ताई, तुमच्या सरांचं मी त्याला सांगितलं न्हाय. तसं त्याचं बी सांगणार न्हाय. माझ्या दुकानात माणूस इस्वासानं आंग मोजून देतंय, त्याच्यावर माझं दुकान हाय." मी त्याला नाही नाही ते बोलले. तो खाली मान घालून ऐकत राहिला, पण बधला नाही.

"निरोप तरी?" सरांनी विचारलं.

"येणार न्हाय त्यो परत. चपलाबी नकोत म्हणलाय, कुणाला बसतील त्याला द्या."

"मग मला द्या," सर म्हणाले.

त्या त्यांना बसत नव्हत्या. चांगल्या मोठ्या होत होत्या. तरी त्यांनी त्या घातल्या.

पुढच्या रविवारपासून सर रंकाळ्यावर जायला लागले. त्यांचा विचार साधा होता. सरांचा चेहरा त्या माणसानं बघितलाय, त्याचा चेहरा सरांनी बघितलेला नाही. म्हणजे ओळखायचं तर त्यानंच. आपली करकर तो विसरणार नाही. त्या ढगळ चपला फरफटत, करकर वाजवत सर काठानं चालायचे, आणि मी थोडं मागं. पोरं हसायची, म्हाताऱ्या वळून बघायच्या. ज्या माणसानं आयुष्यभर कुणी आपल्याकडं बघू नये म्हणून जीव मुठीत धरला, तो आता सगळ्या रंकाळ्यानं बघावं म्हणून वाजत चालला होता. सर रोज वाळत चालले होते. क्लासमध्ये मन नाही, जेवणात मन नाही. रविवार कोरडा गेला की मी सोमवारचा फोन देवाचं नाव घेऊन लावायची.

आणि एका रविवारी पुढच्या बाकड्यावर पाठमोरा बसलेला एक माणूस करकर ऐकून ताठ झाला. त्यानं अर्धी मान वळवली, सरांना बघितलं, आणि उठून उलट्या दिशेनं झपाझप चालायला लागला. रुंद खांदे. मी ओरडले, "सर, पळा! जावा की, धरा त्याला!"

सर जागचे हलले नाहीत. "नको मॅडम," म्हणाले. "त्या दिवशी त्यानं माझा पाठलाग केला असता तर मी घाटात उडी टाकली असती. तो पण टाकेल." त्यांना त्या भीतीची आतनं ओळख होती. ते बाकड्याजवळ गेले, पायातल्या चपला काढल्या, तो बसला होता तिथं शेजारी शेजारी ठेवल्या, आणि तापलेल्या रस्त्यानं अनवाणी घरी आले. मी गाडीत बसा म्हटलं तर बसले नाहीत.

मागच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा चपला नव्हत्या. नसणारच. कोल्हापुरात नवी चप्पल बाकड्यावर आठवडाभर कोण राहू देतंय? मी सरांचा दंड धरला, म्हटलं चला आता, झालं. पण ते खाली वाकले. बाकड्याच्या फळीवर, कडेला, घडी घातलेलं एक फडकं होतं आणि त्यावर काळ्या पॉलिशची डबी. नवी नाही, निम्मी वापरलेली. झाकणावर काळ्या बोटांचे ठसे.

सरांनी ती डबी दोन्ही हातांत धरली आणि रंकाळ्यावरच्या माणसांदेखत हमसून हमसून रडले.

आज रविवार आहे. मी गाडी समोर लावून आत बसले आहे, काच खाली केलीय. सर बाकड्यावर बसलेत, मांडीवर डबी. पायात ते बूट आहेत, चंदगडहून आल्यापासून त्यांनी घातले नव्हते. एक अजून चमकतोय, दुसऱ्यावर बागेतली तांबडी धूळ तशीच आहे. ऊन वर आलंय. फिरायला आलेली माणसं घरी चाललीत. आता येत नाही कोणी, मी सरांना उद्या काय सांगू, परवा काय सांगू, असं माझं चाललंय.

पलीकडनं एक माणूस आलाय. झाडाखाली उभा राहिला, परत फिरला, पुन्हा आला. आता बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसलाय, अगदी कडेला, कधीही उठता येईल असा. सर मान वळवत नाहीत, समोर पाण्याकडं बघतायत, पण त्यांचे हात छातीशी गेलेत. तो माणूस खाली बघतोय, सरांच्या बुटांकडं.

माझा पाय ब्रेक शोधतोय, पण ह्या दोघांचा ब्रेक माझ्याकडं नाही. उठू नका रे. देवाशप्पथ सांगते, दोघांतलं कुणीच उठू नका.